डोंगराला वेळ विचारली होती का?

चित्रफीत पाहिली. शाबासकीसाठी पाठवलीत, हे न कळण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही. ती मिळणार नाही. तुमच्या त्या ग्रुपवर अंगठे आणि बदाम पुष्कळ पडलेत, त्यात आणखी एकाची भर घालायला मी आयुष्यभर भूगोल शिकवला नाही. तेव्हा गुमान वाचा. मध्येच ‘सर, पण’ नको. तुमचे सगळे ‘पण’ मला तुमच्या आधी ठाऊक आहेत, त्यांचा समाचार पुढे घेणारच आहे.

रुपिन पासखालची ती चढाची गली. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. दोन्ही अंगांना कडे, मध्ये बर्फाची उभी पट्टी, आणि त्या पट्टीच्या बरोबर मधोमध तुम्ही सहाच्या सहा जण सॅक टाकून पराठे खात बसलेले. कोणीतरी मागून ओरडतं, ‘केळशी टू हिमालय!’ आणि बाकीचे खिदळतात. तुमच्या आयांनी हे पाहून कौतुकानं पदर डोळ्याला लावला असेल. मी मात्र चित्र जागोजागी थांबवून पाहिलं, आणि घशाला कोरड पडली.

पहिल्यांदा सावली बघा. लाल जॅकेटवाला उभा राहतो तेव्हा त्याची सावली हातभरसुद्धा भरत नाही, बुटांच्या आसपासच घोटाळते. मे अखेर, एकतीस अक्षांश उत्तर, म्हणजे माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ ऐंशी अंशांवर. हे गणित मी तुम्हाला फळ्यावर सोडवून दिलं होतं, परीक्षेतही घातलं होतं. म्हणजे दुपारचे बारा वाजून गेलेत. आता पाय बघा. त्याच पोराचा पाय पोटरीपर्यंत आत जातो, बाहेर काढताना त्या भोकात पाणी चमकतं. आणि उजव्या कोपऱ्यात, वरच्या खडकाखालून, बर्फाचे छोटे छोटे गोळे आपोआप सुटून घरंगळत येताहेत, येता येता चाकासारखे गुंडाळले जाताहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून तुमच्यातली एक म्हणते, ‘अय्या, किती क्यूट!’

ते गोळे म्हणजे डोंगरानं दिलेली नोटीस होती. वरचा थर पाण्यानं भिजून सैल झालाय, आता त्याला धरून ठेवणारं फारसं काही उरलेलं नाही, एवढाच तिचा मजकूर. ज्यांनी बर्फ वाचायचा असतो ते हे गोळे दिसताच उठतात आणि त्या उताराखालून बाजूला होतात. तुम्ही त्यांचं शूटिंग केलंत.

आणि त्यांच्याही वर, धारेवर, बर्फाची ती पुढे आलेली पागोळी दिसते का? तिला कॉर्निस म्हणतात. वारा धारेपलीकडून बर्फ वाहून आणतो आणि अधांतरी ओठासारखा रचत जातो. खाली आधार नसतो. ऊन तापलं की तो ओठ कधी ना कधी तुटतो आणि पडताना खालचा अख्खा उतार हलवून जातो. तुम्ही नेमकं त्याच्या खाली ताट मांडलंत.

पण खरा कळस पुढेच आहे. फितीच्या सुरुवातीला, तंबूतून बाहेर येताना, तुमच्यातला एक म्हणतो, ‘रात्री ढग होते ना, म्हणून काय मस्त ऊब होती. थंडी वाजलीच नाही.’ हे वाक्य ऐकून मी खुर्चीतून उठलो. त्या एका वाक्यात त्या दिवसाचा सगळा निकाल होता, आणि तो तुम्ही आनंदाची बातमी म्हणून सांगितलात.

समजावून घ्या, कारण हे मी शाळेत शिकवलं नव्हतं. केळशीत बर्फ म्हणजे माशांच्या टोपलीतला. तरुणपणी उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्थेत मी कोर्स केला, तिथल्या उस्तादांनी डोक्यात ठोकून बसवलं, ते सांगतो. उघड्या आकाशाखाली बर्फ रात्रभर आपली उष्णता वर सोडत असतो. हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी निरभ्र रात्री बर्फाचा वरचा थर शून्याखाली जाऊ शकतो. दिवसा वितळून दाण्यादाण्यांमध्ये साचलेलं पाणी पुन्हा गोठतं, दाण्याला दाणा जखडला जातो आणि पहाटे अशी टणक खपली तयार होते की बुटाचं टोक ठोकून पायरी करावी लागते. त्या दोन-चार तासांत तो उतार तुम्हाला जाऊ देतो. रात्री ढग असले तर ते गोधडीसारखे वर पसरतात, निघालेली उष्णता परत खाली पाठवतात आणि बर्फ गोठतच नाही. म्हणजे आदल्या दिवशीचं पाणी आत तसंच, त्यावर दुसऱ्या दिवशीचं ऊन. तुम्हाला ज्या रात्री ऊब लागली त्या रात्री डोंगराची कुलपं लागलीच नव्हती. त्या सकाळी लवकर निघणंसुद्धा पुरेसं नव्हतं. त्या सकाळी आधी तंबूबाहेर येऊन बर्फात टाच मारून पाहायची होती. टाच रुतली तर चहा प्यायचा, पुन्हा झोपायचं, एक दिवस थांबायचं. आणि तुम्ही निघालात कधी? सात वाजता. कारण एकाची झोप पुरी झाली नव्हती आणि दोघींना सूर्योदयाचे फोटो हवे होते.

आता मला एक सांगा. तुमच्यापैकी कोण आजवर वेळ न विचारता खाडीत उतरलं आहे? तिसऱ्या काढायला जायचं तर तुमच्या आज्या घड्याळाआधी तिथी बघायच्या. तिथीला पाऊणनं गुणायचं, भरतीची वेळ हाती येते. पंचमी असेल तर पावणेचार. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. हे गणित इथं शाळेत न गेलेल्या बाईलाही तोंडपाठ असतं. भर भरतीला खाडीच्या तोंडाशी कोणी पराठे खात बसलं तर गाव त्याला वेडा म्हणेल. वसंतातला बर्फ तसाच आहे, त्यालाही रोजची भरती येते. फरक एवढाच की तिची वेळ तिथीवर ठरत नाही. आदल्या रात्रीचं आकाश आणि उताराचं तोंड कोणत्या दिशेला आहे, यावर ठरते. पूर्वेकडे तोंड असलेल्या उताराला ऊन आधी लागतं, तो आधी सुटतो. मग दक्षिणेकडचा. दुपारनंतर पश्चिमेकडचा. उत्तरेकडच्या उतारावर ऊन कमी, म्हणून तिथं हिवाळ्यातले कच्चे थर उशिरापर्यंत दबा धरून बसतात. तर मग सांगा, ती गली कोणत्या दिशेला तोंड करून आहे? परवा फोनवर मी सहाही जणांना हे विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. फोनमध्ये होकायंत्र घेऊन हिंडता आणि दिशा माहीत नाही. माझ्या हातून तुम्ही भूगोलात पास कसे झालात, याचं मलाच नवल वाटतं.

‘पण सर, आम्ही हवामान बघितलं होतं.’ बघितलंत ना. काय होतं? ‘स्वच्छ, सूर्यप्रकाश.’ आणि खूश झालात. अरे, हवामानाचं ॲप तुम्हाला भिजणार की नाही एवढंच सांगतं. उतार धरून राहील की नाही हे त्याला कुठून कळणार? आकाश आणि बर्फ ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. वसंतात तर निखळ निळ्या आकाशाची दुपार अधिक घातकी, त्यातही आदल्या दोन दिवसांत वेस्टर्न डिस्टर्बन्स येऊन ताजा बर्फ पडून गेला असेल तर बघायलाच नको. मेमध्येही वर फूटभर बर्फ पडू शकतो. जुन्या गुळगुळीत खपलीवर तो नवा थर नुसता ठेवलेला असतो, आणि त्यावर पहिलं कडक ऊन पडलं की तो निघतो. चोवीस तासांत फूटभर पडला असेल तर जगभरातले जाणते लोक एक दिवस तरी उताराचं नाव घेत नाहीत.

थरांचं मी तुम्हाला शिकवलं नव्हतं असं मात्र म्हणू नका. खाडीच्या तोंडाशी आपली ती वाळूची टेकडी आहे, तिच्या कापल्या गेलेल्या अंगासमोर मी तुमचा वर्ग उन्हात उभा केला होता. डेक्कन कॉलेजच्या डॉ. अशोक मराठे यांनी ती टेकडी थराथरानं वाचली. वाळू, मध्येच कोळसा, खापरं, हाडं, शंख-शिंपले, पुन्हा वाळू. त्यातल्या एका उलथापालथीची सांगड १५२४ सालच्या समुद्राच्या उधाणाशी घातली गेली. त्या साली वास्को द गामाचं आरमार दाभोळजवळ असताना समुद्र खालून हादरल्याचं पोर्तुगीज लिहून ठेवतात. पाचशे वर्षांपूर्वी काय झालं ते आपल्या गावची वाळू सांगते, कारण कोणीतरी ती कापून बघायची तसदी घेतली. बर्फातही तेच करतात. फावड्यानं हात-दीड हात खणतात, भिंत सपाट करतात आणि बोटानं दाबून बघतात. कुठला थर दगडासारखा, कुठला साखरेसारखा सुटा, कुठं पाणी साचलंय. टणक थराच्या डोक्यावर पाणी थांबलेलं दिसलं की पुढचं सांगावं लागत नाही. पाण्यानं थर सुटतो म्हणजे काय, हे तर कोकणातल्या माणसाला कोणी शिकवू नये. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळिये गेलं ते अजून कोणी विसरलेलं नाही. तिथं माती होती, इथं बर्फ होता. आत मुरलेलं पाणी दोन्हीकडे तेच काम करतं.

त्याच टेकडीवर मी तुम्हाला ओळंबा आणि कोनमापक घेऊन उतार मोजायला लावला होता. कोरडी वाळू चौतीस अंशांच्या आसपास थांबते, त्याहून उभी ठेवायला गेलात तर दाणा दाणा ओघळून पुन्हा तिथंच येते. बर्फ एवढा सरळमार्गी नाही. तो एकमेकांना धरून राहतो, चाळीस अंशांवरही खुशाल चिकटून बसतो आणि मग अख्खा पट्टा एकदम सोडतो. मोठी हिमस्खलनं बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात, त्यातही अडतीसच्या आसपास सर्वांत जास्त. तीसच्या खाली उतार आणि डोक्यावर उभा उतार नसेल तर भीती पुष्कळ कमी. फोनमध्ये कोन मोजायची सोय असते. त्या फोननं तुम्ही पराठ्याचा फोटो काढलात.

आता तुमचे उरलेले ‘पण’ एकेक घेतो.

‘पण सर, आम्ही सह्याद्री कोळून प्यायलोय.’ प्यायला असाल. अलंग-मदन-कुलंग केलंत, हरिहरच्या पायऱ्या चढलात, मी कौतुकही केलं. पण हरिहरची पायरी सकाळी आठला जेवढी पक्की तेवढीच दुपारी बाराला. कातळ दिवसातून दोनदा स्वभाव बदलत नाही. सह्याद्रीनं तुम्हाला दम दिला, पायात बळ दिलं, आणि त्याबरोबर एक फाजील आत्मविश्वासही दिला, तो हिमालयात जाताना कसाऱ्याच्या अलीकडेच ठेवून जायला हवा होता.

‘पण सर, पुढे दुसऱ्या ग्रुपची पावलं होती.’ होती ना! पहाटे पाचची. तुम्ही त्यावरून बारा वाजता गेलात. पावलांचा ठसा माणूस गेल्याचं सांगतो, तो उतार अजून टिकेल याची हमी देत नाही. इयन मॅकॅमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९७२ ते २००३ या काळातले त्यांच्याकडचे ७१५ हिमस्खलन-अपघात तपासले. माणसं अडाणी होती म्हणून मेली असं त्याला दिसलं नाही. पुष्कळ जण शिकलेले होते. ओळखीची वाट आहे, ठरवलंय तर पार पाडू, दुसरे गेले म्हणून आपणही, सोबत जाणता आहे म्हणजे झालं, पुन्हा संधी मिळायची नाही, चार जणांत भित्रा ठरायला नको, अशा सवयीच्या विचारांनी त्यांचे डोळे झाकले होते. तुमची फीत त्याच्या हाती पडली असती तर त्याला दुसरीकडे उदाहरण शोधावं लागलं नसतं. ‘रजा पुन्हा मिळणार नाही’ हे त्यात आहे, ‘पैसे भरलेत’ हे आहे, आणि ‘घाबरलास की काय रे’ हे तर दोनदा आहे.

‘पण सर, गाइड होता.’ होता. पुढे येतो त्याच्याकडे. पण जाणत्यांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का दांडा-२ शिखराच्या उतारावर बर्फाचा अख्खा थर, म्हणजे स्लॅब, सुटला. तो माझ्या उत्तरकाशीच्या संस्थेचा प्रशिक्षण वर्ग होता. दोर होते, आइस ॲक्स होत्या, प्रशिक्षक होते. २७ जणांचे मृतदेह मिळाले. त्यांत सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मेमध्ये सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही चढून आलेली. बर्फ प्रमाणपत्र बघत नाही. आणि तुमच्याकडे तर दाखवायला प्रमाणपत्रही नव्हतं. पायाला बांधायचे खिळे, गुडघ्यापर्यंतचे गेटर आणि सेल्फीची काठी, एवढं तुमचं शस्त्रागार.

‘पण सर, ट्रेक सोपा ते मध्यम होता.’ हे वाक्य मला सगळ्यात खटकतं. ते दमछाकीचं मोजमाप आहे रे बाळांनो, मरणाचं नव्हे. ४ एप्रिल २०२३ ला नथु-ला रस्त्यावर पंधराव्या मैलाजवळ जे सात पर्यटक गेले ते काही ट्रेकही करत नव्हते. गाडीतून उतरून रस्त्याकडेच्या बर्फात खेळत होते. परवाना तेराव्या मैलापर्यंतचाच होता. दोन मैलांनी काय होतंय, असं त्यांनाही वाटलं असणार.

गाडला गेलेल्या माणसाचं काय होतं तेही वाचा, डोळे न मिटता. ओला बर्फ धावतो फार नाही, ताशी वीस-चाळीस किलोमीटरनं येतो, कोरड्या स्लॅबसारखा शंभरच्या पुढे जात नाही. पण एका घनमीटरात त्याचं वजन चारशे-पाचशे किलो भरतं, आणि थांबला की सिमेंटसारखा धरतो. बोट हलवता येत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. अर्धा तास उलटला की तिघांतला एखादा. बाकीचे मार लागून मरतात किंवा स्वतःच्याच श्वासानं गुदमरतात. म्हणजे हेलिकॉप्टर, एनडीआरएफ, जिल्हाधिकारी, यांतलं कोणीही वेळेत पोचत नाही. वाचवणारे असतात ते फक्त सोबतचे. त्यांच्या अंगावर गाडलेल्याची जागा शोधून देणारा बीकन हवा, हातात प्रोबची लांब सळी हवी, फावडं हवं आणि ते वापरायचा सराव हवा. आणि मुळात ते सोबतचे बाहेर उरलेले हवेत! धोक्याचा उतार ओलांडायचाच झाला तर एकेकानं ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, हा पहिला धडा. तुम्ही सहाही जण एका ओळीत बसला होतात. वरचा थर सुटला असता तर शोधायला कोण उरलं असतं? त्यातून ती गली. मोकळ्या उतारावर बर्फ पसरतो, पातळ होतो. दोन कड्यांमधल्या घळीत तो सगळा एका जागी येऊन साचतो. तिथं गाडायला मोठं हिमस्खलन लागत नाही, लहानसुद्धा पुरतं.

काहींना यातलं काहीच निवडता येत नाही. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनमधल्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळली, दहा जवान गेले, त्यांत एक आपल्या सातारच्या माण तालुक्यातला होता. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी रस्त्याचे मजूर कंटेनरमध्ये असताना हिमस्खलन आलं. चौपन्न जण अडकले, आठ गेले. आदल्या संध्याकाळीच डीजीआरईनं त्या भागासाठी इशारा दिलेला होता. पण मजूर काय करणार, काम तिथं होतं. जवानाला चौकी सोडता येत नाही, मजुराला मजुरी सोडता येत नाही. तुम्हाला परत फिरता येत होतं. तुमच्या आड आलं काय? पराठे.

हो, डीजीआरईचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही, हे परवाच्या फोनवर कळलं. संरक्षण संशोधनाची ही संस्था चंदीगडला आहे. मनालीला १९६९ पासून हिमस्खलनाचा अभ्यास करणारी सासे तिच्यातच मिळाली. काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडच्या भागांसाठी तिचे धोक्याचे इशारे निघतात, जिल्हा प्रशासन ते कळवतं, वर्तमानपत्रं छापतात. तो इशारा जिल्ह्याएवढ्या मुलखाचा असतो, तुमच्या गलीचा नसतो, हेही खरं. म्हणून तो बघायचा आणि त्यानंतर स्वतः उतार बघायचा. पाय टाकल्यावर खालून धप्पकन हवा बसल्यासारखा आवाज आला, पावलापासून भेग पळत गेली, शेजारच्या उतारावर आजची ताजी पडझड दिसली, की त्यापुढे चर्चा नाही. तिथं लोकशाही चालत नाही. सहांपैकी एक जरी म्हणाला ‘मागे फिरू’, तरी सहा जणांनी मागे फिरायचं. आणि तसं म्हणणाऱ्याला आयुष्यात कधीही त्यावरून चिडवायचं नाही. हे लिहून घ्या.

‘पण सर, झालं तर काही नाही ना!’ हा तुमचा शेवटचा ‘पण’. नाही झालं. तुमचं दैव बलवत्तर आणि आईवडिलांची पुण्याई. पण यातून तुम्ही शिकलात काय? आपलं बरोबर होतं, एवढंच. डोंगर असा वाईट मास्तर आहे की चुकीच्या उत्तरालाही तो बहुतेक वेळा पैकीच्या पैकी देतो. दहादा देईल. म्हणून पुढच्या वर्षी तुम्ही आणखी उशिरा निघाल, आणखी उभ्या उतारावर बसाल आणि त्याला अनुभव म्हणाल. मला भीती त्या दुपारची वाटत नाही, ती टळली. तुमच्या या अनुभवाची वाटते.

जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. चैत्रात महालक्ष्मीचा रथ आटोपला की जा, हजारदा जा. कोकणातल्या पोरांनी बर्फ बघावा, त्यावर चालावं, त्याचं व्याकरण शिकावं. पण आधी महिनाभराचा कोर्स करा. नकाशावर उताराचे कोन काढा, दिशा लिहा, कुठल्या उतारावरून किती वाजेपर्यंत बाहेर पडायचं ते आकड्यात लिहा, आणि वेळ उलटली तर खिंड शंभर पावलांवर दिसत असली तरी फिरा. मोकळ्या दिवसाची तजवीज रजेतच करा. ती परवडत नसेल तर हिमालयही परवडत नाही.

आता गाइडचं. हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण याचा राग वेगळा आहे. तुमच्याच फितीत, अगदी मागे, तो माणूस दिसतो. खाली बसलेला नाही. कड्याच्या आडोशाला उभा आहे, वर बघतोय, आणि तुम्हाला हातानं खुणा करतोय, उठा, उठा. आवाज येत नाही, कारण तुम्ही त्यावर गाणं चिकटवलंय. आदल्या रात्री त्यानं तीनला उठवीन म्हणून सांगितलं होतं, हे तुम्हीच मला हसत हसत सांगितलंत. तीनला तो तंबूबाहेर येऊन हाका मारून गेला. टाचेनं बर्फही त्यानं पाहिला असणार, आणि थांबूया असंही म्हणाला असणार, पण सहा जणांनी परतीच्या गाडीचं तिकीट नाचवल्यावर तो किती बोलणार? त्याचं पोट तुमच्या शेऱ्यावर चालतं. आणि तुम्ही शेरा काय दिलात? दोन तारे. ‘गाइड सतत घाई करतो, फोटोला थांबू देत नाही, जेवणही नीट करू दिलं नाही.’

त्या पट्टीवर बर्फ वाचणारा एकच माणूस होता, आणि तुम्ही त्याच्या पोटावर पाय दिलात. तुमच्यासारखे आणखी दोन-चार ग्रुप भेटले की तोही घाई करायचं सोडून देईल. मग पुढच्या मेमध्ये कोणाची तरी पोरं त्याच जागी निवांत जेवतील.

तो शेरा आज रात्रीपर्यंत काढून टाका. जागी खरं काय घडलं ते लिहा, सातला निघालो हे लिहा, त्याचं ऐकलं नाही हे लिहा. आणि त्याला फोन करा. ग्रुपच्या वतीनं एकानं नाही, सहाही जणांनी, वेगवेगळा. माफी मागून झाली की मला कळवा, तोवर माझ्याकडे येऊ नका.